गावाला भूक हवी

‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम २०११ साली आला. त्यात बहुतेक खेळाडू सर्वांत आधी ज्या गावात पोचतात, त्याचं नाव रिव्हरवुड. नदीकाठची मोजक्या घरांची वस्ती, पाण्याच्या जोरावर चालणारी लाकूड कापायची गिरणी, एक लोहार, एक वाणसामानाचं दुकान. चित्र इतकं जिवंत की पाहत राहावं. तिथे कुऱ्हाड उचलून सरपण फोडलं, तर गिरणीवाले नगाला ५ नाणी देतात. दहा नग न्या नाहीतर हजार न्या, भाव तोच. एवढंसं गाव हजार नग सरपण जाळणार कुठे, हा प्रश्न कुणाला पडत नाही. दुकानदाराच्या गल्ल्यात साधारण ७५० नाणी असतात. आपला माल विकून ती उपसली, की खेळातले ४८ तास थांबायचं. गल्ला पुन्हा भरलेला असतो. मधल्या काळात त्याच्या दुकानातून कुणी मीठसुद्धा नेलेलं नसतं. रिव्हरवुडला काही लागत नाही आणि तिथे काही कमीही पडत नाही. त्यामुळे त्याच्याशी केलेला व्यवहार कुणा माणसाशी केल्यासारखा वाटतच नाही.

अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळाडू एखादं पात्र होऊन कल्पित जगात वावरतो, लढतो, लोकांशी बोलतो आणि बराच वेळ खरेदी-विक्रीत घालवतो. ही खरेदी-विक्री कशी रचावी, यावर खेळ बनवणाऱ्यांत जुना वाद आहे. एका बाजूला म्हणतात, खऱ्या बाजारासारखी सगळी गणितं आत घाला. दुसऱ्या बाजूला म्हणतात, खेळात डोकं कशाला शिणवायचं, भाव ठरवून टाका. माझ्या मते हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. हिशेब किती बारीक आहे, यावर गावाचा कस लागत नाही. गावाला कसली गरज आहे का, आणि आपल्या देण्याघेण्यानं ती भागते किंवा वाढते का, हे पाहायला हवं.

त्यासाठी खेळातला पैसा येतो कुठून हे समजून घ्यावं लागतं. या क्षेत्रातले लोक त्याला नळ आणि मोरीची उपमा देतात. राक्षस मारला की त्याच्याजवळ नाणी सापडतात. ती कुणाच्या खिशातून आलेली नसतात, त्याच क्षणी जन्मलेली असतात. हा नळ. हत्यारांची दुरुस्ती, घराची किंमत, कर ही मोरी. नळ धो धो वाहता ठेवला आणि मोरी लहान असली, की पैशाची किंमत जाते. २००० सालच्या ‘डायब्लो २’ मध्ये सोनं इतकं बिनकामाचं झालं, की खेळाडू आपापसातल्या सौद्यांत ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी चलन म्हणून वापरू लागले. मालाचीही हीच गत होते. ‘स्कायरिम’मध्ये सुरुवातीला साधा लोखंडी खंजीर घडवला तरी लोहारकामाचं कसब मौल्यवान वस्तूइतकंच वाढायचं. मग लोकांनी खंजिरांचे ढीग रचले. पुढे कंपनीनं तो नियम बदलला, पण त्यातला धडा मोठा आहे. खेळाडूला हवं होतं कसब. खंजीर हा रंध्याखालून निघालेला भुसा होता. कुणाला खंजीर हवेत का, याच्याशी त्या उत्पादनाचा संबंधच नव्हता.

या दुखण्यावर सर्वांत धाडसी इलाज १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’नं करून पाहिला. रिचर्ड गॅरियट यांच्या ओरिजिन सिस्टीम्सचा हा खेळ. त्यात हजारो माणसं एकाच वेळी, एकाच जगात वावरत. राफ कोस्टर हे त्याचे प्रमुख रचनाकार. त्यांनी जगातल्या एकूण साधनसंपत्तीला मर्यादा घातली. खाणीतलं लोखंड तलवारीत जाणार, तलवार झिजली की ते जगाच्या साठ्यात परतणार आणि मगच नवं लोखंड खाणीत दिसणार. कागदावर चक्र बिनचूक होतं. प्रत्यक्षात लोकांनी वस्तू झिजवल्याच नाहीत, पेट्यांत भरून ठेवल्या. साठा परत आला नाही, नवा माल उगवेना, आणि शेवटी ते चक्र सोडून द्यावं लागलं. त्याच जगात प्राण्यांचीही साखळी रचली होती. लांडग्यांनी ससे खायचे, ससे घटले की लांडग्यांनी दुसरीकडे वळायचं. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्यानं मारला, की ही साखळी कुणाच्या लक्षातही आली नाही.

खरी अर्थव्यवस्था खेळात चालत नाही, याचा पुरावा म्हणून हे उदाहरण दिलं जातं. मला तो निष्कर्ष मान्य नाही. तिथे दोन चुका झाल्या, आणि दोन्ही टाळता येण्यासारख्या होत्या. पेटीत ठेवलेल्या मालाला कीड नव्हती, गोदामाचं भाडं नव्हतं. मग साठेबाजी न करण्याचं कारणच काय? दुसरी चूक अधिक मोलाची आहे. गणित पडद्यामागे चाललं होतं आणि पडद्यावर त्याची खूण नव्हती. लांडगा भुकेला आहे हे फक्त संगणकाला माहीत असेल, तर खेळाडूच्या दृष्टीनं तो भुकेला नाहीच.

याच्या उलट रचना पाहायची तर अंकारामधल्या टेलवर्ल्ड्सचा ‘माउंट अँड ब्लेड २ : बॅनरलॉर्ड’ पाहावा. तो २०२२ साली पूर्ण रूपात बाजारात आला. त्यातलं प्रत्येक गाव मुख्यतः एखादी वस्तू पिकवतं: कुठे धान्य, कुठे लोकर, कुठे लोखंडाचा दगड. माल साठला की गावकऱ्यांचा तांडा तो घेऊन जवळच्या शहराकडे निघतो, आणि नकाशावर तो चालताना दिसतो. दरोडेखोर त्याला गाठू शकतात. खेळाडूही लुटू शकतो. गाव जाळलं तर तांडा निघत नाही, शहराची कोठारं उतरतात, धान्याचा भाव चढतो, धान्यावर चालणाऱ्या दारूच्या भट्टीला कच्चा माल मिळेनासा होतो. हे गणित ‘अल्टिमा’तल्यापेक्षा फार खोल आहे असं नाही. पण रस्त्यावर चालणारी ती माणसं दिसतात, आणि महागाईचं कारण खेळाडूला स्वतःच्या कालच्या कृत्यात सापडतं.

कुणी विचारेल, ‘स्टारड्यू व्हॅली’चं काय? एरिक बॅरोन यांनी एकट्यानं घडवलेला २०१६ चा हा शेतीचा खेळ. त्यात पार्सनिप या कंदाचं बी २० नाण्यांना मिळतं आणि साधा कंद ३५ ला जातो, कितीही विकला तरी. भाव ठरलेले असूनही ते गाव अगदी खरं वाटतं. मग मागणी-पुरवठ्याची गरजच काय? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूनं बोलतो. त्या गावाची भूक भावात ठेवलेलीच नाही. मोडकळीला आलेल्या समाजमंदिरासाठी ठराविक पिकं, मासे, फळं, रानातला माल आणि रोख पैसाही लागतो; एकेक मागणी पुरवली की बंद पडलेली बस सुरू होते, पडका पूल उभा राहतो. २८ दिवसांचा हंगाम संपला की बहुतेक उभं पीक वाळून जातं, म्हणून वेळेलाही किंमत येते.

लबाडीला वाट मिळेल, हा आक्षेपही खरा आहे. २०१५ च्या ‘विचर ३’ मध्ये लोक एकाच गावातल्या गायी पुन्हा पुन्हा मारून कातडी विकत. कंपनीनं तिथे गायींच्या रक्षणाला एक अजस्र राक्षस सोडला. युक्ती मजेदार होती, पण एवढी कातडी घेणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर सोपं आहे. समजा, गावाच्या कोठारात २०० पोती असली तर भाव १० नाणी, ३०० झाली तर ६, १०० उरली तर १५. आणि साठा रोज थोडा थोडा पुन्हा २०० कडे सरकतो. लबाडी आपोआप तोट्यात जाते. नवखा खेळाडू अडकू नये म्हणून औषध आणि बाण कायम मिळू द्यावेत. असे चार-पाच जिन्नस पुरेत, मात्र भटारखान्याची रिकामी फळी दिसली पाहिजे.

खेळांतली गावं आणखी एक गोष्ट गृहीत धरतात: प्रत्येक व्यवहार रोखीचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त जे खेडं मांडलं, तिथे सुतार-लोहारांना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, मिळे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता. ती खेळात आणायची तर तो जाचही लपवता येणार नाही. पण पीक बुडालं की लोहाराचीही चूल थंडावते, हे अवलंबन रिव्हरवुडला माहीत नाही. आज गेम बनवायला शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी पहिलं गाव रचताना नकाशा काढण्याआधी एक ओळ लिहावी: या हंगामात या गावाला काय कमी पडणार आहे.