शेतांतील दगडांचीं वर्तुळें

पुराणवस्तु म्हटली कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें ताम्रपट, नाणें किंवा शिलालेख उभा राहतो. या वस्तु बोलक्या असतात. राजाचें नांव, दानाचें कारण, क्वचित् शक आणि तिथीहि त्या स्वतःच सांगतात. परंतु ज्यांवर एक अक्षरहि कोरलेलें नाहीं, ज्यांचा उल्लेख कोणत्याहि बखरींत नाहीं, अशीं लहान लहान बांधकामें आपल्या शेतांतून उभीं आहेत. त्यांचें वय कसें कळतें, आणि तें कळण्याचा मार्ग आपल्याच हातून कसा बंद होतो, याविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावे असा आमचा हेतु आहे.

नागपुराहून काटोलच्या वाटेनें गेलें असतां जुनापाणी हें ठिकाण लागतें. तेथें काळ्या दगडाचे मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले दिसतात. अशीं सुमारें ३०० वर्तुळें या एकाच स्थळीं आहेत. माहुरझरी, खापा, नैकुंड इत्यादि गांवांच्या शिवारांतहि तीं आढळतात. रिव्हेट-कार्नाक नांवाच्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्यानें जुनापाणीचीं कांहीं वर्तुळें उकरून पाहिलीं व १८७९ सालीं या भागांतील वर्तुळांची हकीकत प्रसिद्ध केली. लोखंडाचीं हत्यारें मिळालीं, मातीचीं भांडीं मिळालीं. धोंड्यांवर ओळीनें कोरलेले वाटीसारखे खळगेहि त्याच्या नजरेस पडले. पण हें सारें कोणत्या काळचें, या प्रश्नाचें निश्चित उत्तर मिळालें नाहीं.

याचें कारण उघड आहे. वस्तूचें वय वस्तूंत थोडें आणि ती जेथें पडली त्या मातींत अधिक असतें. म्हणून आजचा उत्खनक वर्तुळाचे चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन भाग आधीं खणतो आणि मधल्या मातीच्या भिंती तशाच राखतो. कोणता थर कोणत्या थरावर बसला, हें त्या भिंतींत पुस्तकाच्या पानांप्रमाणें वाचतां येतें.

या पद्धतीनें १९६१-६२ सालीं श्री. बी. के. थापर यांनीं जुनापाणीस उत्खनन केलें. पुढें १९६८-६९ पासून डॉ. शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनीं टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड येथें काम केलें. तेव्हां हीं वर्तुळें म्हणजे दफनस्थानें होत, हें स्पष्ट झालें. मृताजवळ लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर व भांडीं ठेवीत. कांहीं ठिकाणीं घोडाहि पुरलेला सांपडला, व त्याच्या मस्तकावरील तांब्याचे अलंकारहि मिळाले.

पण खरी किल्ली दुसरीकडेच होती. खापा येथें वर्तुळें आहेत आणि जवळच टाकळघाटास जुन्या वस्तीचें पांढरीचें टेकाड आहे. दोन्हींकडे एकाच जातीचीं भांडीं निघालीं; म्हणजे येथें राहणारे ते तेथें पुरलेले, हें सिद्ध झालें. नैकुंडच्या वस्तींत तर लोखंड गाळण्याची भट्टीच सांपडली. वस्तीच्या थरांत जळलेला कोळसा मिळाला कीं त्यावरून कालगणना करितां येते, कारण त्यांतील विशिष्ट प्रकारचा कर्ब सुमारें ५७३० वर्षांनीं निम्मा उरतो. या मार्गानें नैकुंडचा काल इ. स. पूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास येतो. ज्या दगडांस कालचे कोणी म्हणत, ते अशा रीतीनें अडीच हजार वर्षांचे ठरले.

आतां मुद्द्याचें बोलूं. धोंडे नांगरास आड येतात, म्हणून शेतकरी ते बांधावर लोटतो. त्यास दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं, कारण त्याचें पोट त्या जमिनीवर आहे. पण दगड हलला, मुरूम उपसला, कीं त्याबरोबर थर गेले आणि थरांबरोबर काल गेला. मग हातीं आलेली कुऱ्हाड लोखंडाचा एक तुकडा तेवढी उरते.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरच्या जमिनी अजून गांवीं आहेत. त्या विकण्यापूर्वीं किंवा सपाट करण्यापूर्वीं एकदां त्यांवरून फिरून यावें. घरांतील वडील माणसांस शेतांतील जुन्या दगडांविषयीं विचारावें. गोलाकार मांडणी दिसल्यास कांहींहि न उकरतां पुरातत्त्व खात्यास कळवावें. १८७८ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांवरील मोलाचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारकच आहे. पण कायद्यापेक्षां मोठें कारण असें कीं, ज्यांनीं आपलें नांव मागें ठेविलें नाहीं, त्यांची आठवण राखण्याचें काम या मातीनें अडीच हजार वर्षें केलें आहे. पुढचें आपल्याकडे आलें आहे.