मोटारींतील पंखा व कांचेवरील धुकें

आपल्या किनाऱ्यावर मोटारींतील हीटरचा काय उपयोग, असें पुष्कळांस वाटतें. अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धन येथें थंडी ती केवढी! पौषांतल्या पहांटे अंगावर शाल घेतली म्हणजे भागतें. उन्हाळ्यांत गार हवा हवीशी वाटते हें खरें. पण ती चैनीची वस्तु, नसली तरी कांचा खालीं केल्या कीं समुद्रावरचा वारा आहेच, असें समजून आपण या दोन्ही सोयींच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष करितों. आमचीहि समजूत अशीच होती. ती एका पावसाळ्यांत दूर झाली. ती कशी दूर झाली तें सांगून मग त्या यंत्राची रचना व त्याचीं दुखणीं यांविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हीं योजिलें आहे.

आषाढांतील एका सायंकाळीं आम्ही एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या मोटारींतून मुरुडाहून अलिबागेस परत येत होतों. आंत पांच माणसें, सर्वांचे कपडे भिजलेले, बाहेर मुसळधार पाऊस. म्हणून कांचा घट्ट लावलेल्या होत्या. गाडीचा पंखा दोन महिन्यांपासून केवळ चौथ्या, म्हणजे सर्वांत मोठ्या, वेगावर चालत असे. ‘चालतो आहे ना, मग झालें,’ असें म्हणून कोणीं तिकडे पाहिलें नव्हतें. काशीद मागें टाकल्यावर तो चौथ्या वेगावरहि बंद पडला, आणि थोड्याच वेळांत पुढील कांच आंतून पांढरी झाली. मुलाचे वडील एका हातानें पंचानें कांच पुसीत व दुसऱ्या हातानें गाडी हांकीत होते. साळावचा पूल ओलांडून रेवदंड्याच्या अरुंद रस्त्यास लागलों, तोंच पुसलेल्या जागेंतून अवघ्या दोन हातांवर एक सायकलस्वार दिसला. त्याच्या सायकलीस दिवा नव्हता. गाडी थांबली व तो मनुष्य बचावला. आपण कशांतून वांचलों हें त्यास कदाचित् कळलेंहि नसेल. आम्हांस मात्र त्या क्षणीं कळलें कीं, कोंकणच्या पावसाळ्यांत हा पंखा ब्रेकाइतकाच महत्त्वाचा आहे.

कांच अशी धुरकट कां होते? गार पाण्यानें भरलेला तांब्या उन्हाळ्यांत बाहेरून ओला होतो, तोच हा प्रकार होय. हवेंत पाण्याची वाफ असते. हवा जितकी उष्ण तितकी ती अधिक वाफ धारण करूं शकते, आणि थंड झाली म्हणजे धारण न होणारी वाफ जलबिंदूंच्या रूपानें बाहेर टाकते. बंद गाडींत माणसांच्या श्वासानें व ओल्या कपड्यांनीं हवा दमट होते. बाहेरच्या पावसानें कांच गार झालेली असते. त्या कांचेस लागतांच वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात. यावर उपाय एकच, कीं कोरडी व किंचित् उबदार हवा कांचेवर सोडावी. गार हवेच्या यंत्रांतील कूलिंग कॉइलवर हवेंतील पाणी जमतें व नळीवाटे गाडीखालीं ठिबकतें. म्हणून तेथून निघालेली हवा कोरडी असते. तीच हीटरवरून नेली कीं उबदार होते. यास्तव पावसांत गार व गरम हीं दोन्ही यंत्रें एकदम चालूं ठेवणें हा वेडेपणा वाटला तरी तेंच शास्त्रशुद्ध आहे. मात्र त्या वेळीं बाहेरची हवा आंत घेणारी खिडकी उघडी ठेवावी. आंतलीच हवा फिरवीत राहिल्यास श्वासाची वाफ पुन्हां पुन्हां कांचेवर येते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कधीं कधीं धुकें कांचेच्या बाहेरील अंगास धरतें. गार हवा फार वेळ कांचेवर सोडली आणि बाहेर दमट उष्मा असला म्हणजे असें होतें. बोटानें आंतून रेघ ओढून पाहावी; रेघ उमटली नाहीं तर धुकें बाहेर आहे असें समजून पाऊस पुसणारे वायपर चालवावे व कांचेवरील गार झोत कमी करावा.

आतां रचनेकडे वळूं. गरम हवेचा पंखा निराळा व गार हवेचा निराळा अशी कित्येकांची समजूत असते. परंतु साधारण मोटारींत दोहोंस मिळून एकच पंखा असतो. तो बहुधा डाव्या बाजूस बसणाऱ्या उतारूच्या पायांपुढें, आंतल्या बाजूस बसविलेला असतो. पुढील कांचेखालच्या जाळींतून तो हवा ओढतो, आणि गाळणी असल्यास तींतून गाळून प्रथम कूलिंग कॉइलवरून व मग जरूर तितकी हीटरवरून ढकलतो. हीटर म्हणजे एक लहानसा रेडिएटर. इंजिनाचें तापलेलें पाणी त्यांतून खेळतें. किती हवा त्यावरून न्यावयाची हें एक झडप ठरविते.

पंखा फिरतो विजेच्या मोटरीनें. तारेंतून विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं तिच्याभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें, आणि त्या चुंबकत्वाच्या ओढाताणीनेंच मोटर फिरते. या नियमाचें स्मारक आपल्या अलिबागेंत उभें आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे सूक्ष्म वेध बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचें तें काम अलिबागेस आणण्यांत आलें व येथें 1904 मध्यें वेध घेण्यास प्रारंभ झाला. ज्या शक्तीस भिऊन ती वेधशाळा खाडीपलीकडे आली, तीच शक्ति आपल्या गाडीचा पंखा फिरविते.

वेग कमी करावयाचा तर मोटरीच्या वाटेंत एक रोधक घालतात. त्यास मिस्त्रीलोक रेझिस्टर म्हणतात. समजा, पहिल्या वेगावर 5 अँपिअर प्रवाह वाहत असून 12 व्होल्टांपैकीं 8 व्होल्ट रोधकांतच खर्ची पडतात. म्हणजे 8 गुणिलें 5, अशी 40 वॉट शक्ति तेथें उष्णतेच्या रूपानें निघते. ही उष्णता निघून जावी म्हणून रोधक मुद्दाम पंख्याच्या वाऱ्यांतच बसविलेला असतो. वारा मंदावला कीं रोधक तापून जळतो. सर्वांत मोठ्या वेगावर मात्र वीज रोधकास वगळून सरळ मोटरीकडे जाते. म्हणून ‘पंखा फक्त चौथ्यावर चालतो’ हें लक्षण दिसलें कीं रोधक जळला असें बहुतेक खात्रीनें समजावें. ज्या गाड्यांत उष्णतामान आपोआप राखलें जातें, त्यांत रोधकाऐवजीं इलेक्ट्रॉनिक नियामक असतो. तेथें हें लक्षण जसेंच्या तसें लागू पडत नाहीं.

इतर लक्षणेंहि अशींच बोलकीं असतात. पंखा कोणत्याच वेगावर हालत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. नंतर रिले, बटन, जोडण्या व शेवटीं मोटर. टेस्ट लॅम्पचीं दोन टोंकें मोटरीच्या कपलरला लावून पाहावीं. दिवा प्रखर लागला तर वीज पोंचते आहे, दोष मोटरींत आहे. दिवा लागला नाहीं तर मोटर निर्दोष असूं शकेल. वीज वाटेंत कोठें अडली तें शोधावें. मोटरीच्या कवचावर हलकेच टिचकी मारतांच पंखा फिरूं लागला तर आंतले कार्बन झिजले असें मानण्यास हरकत नाहीं. पंखा सर्व वेगांवर आवाज करतो पण वारा अल्प येतो, तर गाळणी चोंदलेली असते किंवा कूलिंग कॉइलवर मळ अथवा बर्फ धरलेलें असतें. खडखड ऐकूं आली तर पात्यांत पान किंवा काडी अडकली असावी. किरकिर असेल तर बेअरिंग कोरडें झालें असावें. वारा भरपूर आहे पण गार नाहीं, किंवा गरम नाहीं, तर पंख्यास दोष देऊं नये. गार नसण्याचें कारण गॅस, कॉम्प्रेसर किंवा ती झडप यांत शोधावें. गरम नसण्याचें कारण इंजिनाचें पाणी कमी होणें, थर्मोस्टॅट उघडा राहणें अथवा हीटर तुंबणें यांत सांपडेल. पायांखालील गालिचा ओला होत असेल तर कॉइलचें पाणी नेणारी नळी चोंदली आहे काय तें पाहावें. ओल चिकट व गोडसर वासाची असेल तर हीटरच गळतो आहे.

किनाऱ्यावरील गाड्यांस आणखी एक रोग जडतो. खारी हवा तारांच्या जोडण्यांवर बसते, पितळेस व तांब्यास हिरवा गंज चढतो, आणि लोखंडी अंगास जोडलेलें अर्थिंग आंतून कुजतें. गंजामुळें जोडणींत एक ओहमचा अवघा पांचवा भाग रोध आला, आणि तींतून 15 अँपिअर प्रवाह वाहूं लागला, तर 3 व्होल्ट तेथेंच नाहींसे होतात व 45 वॉट उष्णता त्या इवल्याशा जागेंत उत्पन्न होते. प्लास्टिकचें कपलर वितळावयास ती पुरेशी आहे.

आमच्या त्या गाडीचें पुढें काय झालें? एका कारखान्यांत दाखविली, तेव्हां मोटर, रोधक, बटन असा सगळा संच बदलावा लागेल, असें न उघडतांच सांगण्यांत आलें. खर्चाचा आंकडा ऐकून वडील स्वस्थ बसले. मग गांवांतील एका वृद्ध मिस्त्रींनीं अर्ध्या तासांत ती उघडली व दिवा लावून पाहिला. ते म्हणाले, “मास्तर, पंखा मेलेला नाहीं. त्याच्यापर्यंत वीजच पोंचत नाहीं.” गाळणी सुरूच्या काड्यांनीं व वाळूनें गच्च भरली होती. वारा कमी झाल्यानें रोधक जळला. बेअरिंगला गंज चढून पंखा जड फिरूं लागला, म्हणून मोटर अधिक प्रवाह ओढूं लागली व फ्यूज उडाला. तेव्हां कोणीं तरी फ्यूजच्या जागीं तांब्याची तार बसविली होती. परिणामीं कपलर वितळून काळें पडलें होतें. आणखी थोडा वेळ गेला असता तर आग लागली असती. रोधक, कपलर व गाळणी नवीन घातलीं, बेअरिंगला तेल दिलें, योग्य मापाचा फ्यूज बसविला, आणि तोच पंखा आजहि चारी वेगांवर फिरत आहे.

फ्यूज हा घरचा पहारेकरी आहे. तो पुन्हां पुन्हां पडतो म्हणून त्याच्या जागीं अधिक शक्तीचा फ्यूज किंवा तार घालणें म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधून दार उघडें टाकणें होय. त्याचप्रमाणें कांहीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. तारा सोडण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक सोडावें, व वीज तपासण्यापुरतेंच तें परत जोडावें. पिवळ्या वेष्टनाच्या तारा एअरबॅगच्या व नारिंगी वेष्टनाच्या तारा विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील उच्च दाबाच्या असतात. त्यांस हात लावूं नये. इंजिन तापलेलें असतां रेडिएटरचें झांकण उघडूं नये. गॅसची नळी तर जाणत्या कारागिरावांचून कोणींहि सोडूं नये. मुलांनीं हें सर्व वडील माणसांच्या देखत पाहावें व शिकावें. एकट्यानें करूं नये.

आणि रस्त्यांतच पंखा थांबला तर? वेग कमी करावा, बाजूच्या कांचा चार बोटें खालीं कराव्या, म्हणजे आंतील वाफ बाहेर जाईल; तरीहि दिसेनासें झालें तर सुरक्षित जागीं गाडी उभी करून इशाऱ्याचे दिवे लावावे. घरीं पोंचण्यास उशीर झाला तरी चालेल.

विद्यार्थीमित्रहो, ज्येष्ठ लागण्यापूर्वीं घराच्या कौलांची जशी आपण डागडुजी करितों, तशी गाडीची गाळणी काढून झटकावी, कांचेखालच्या जाळींतील पानें वेंचावीं, आणि पंखा एकामागून एक सर्व वेगांवर चालवून पाहावा. आमच्या गाडीचा पंखा दोन महिने आपलें दुखणें सांगत होता. तें ऐकावयास गाळणीच्या किंमतीहून अधिक खर्च आला नसता. आम्हीं तें ऐकलें नाहीं, आणि त्याची किंमत रेवदंड्याच्या रस्त्यावर एका अनोळखी मनुष्यास द्यावी लागणार होती.