आतलं शेवाळ, बाहेरचं शेवाळ

अंगठीतलं पोवळं आपल्याला रत्न म्हणून ठाऊक असतं. प्रत्यक्षात तो समुद्रातल्या चिमुकल्या प्राण्यांनी रचलेला सांगाडा. त्यांच्याच कुळातले जिवंत प्रवाळ हल्ली हौशी मंडळी घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात. मग कधीतरी ते पांढरे पडू लागतात, त्यांच्यावर हिरवं शेवाळ चढतं आणि शेवाळ मारायचं औषध ओतायचा मोह होतो. तिथंच जरा थांबावं.

कारण प्रवाळ जगतो तोच मुळी शेवाळाच्या आधारानं. त्याच्या पेशींत झुझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असतं. उजेडात ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हे बिऱ्हाड मोडतं. पारदर्शक देहातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. असा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. कारण वेळीच दूर झालं तर बिऱ्हाड पुन्हा वसू शकतं. देह गळून गेला असेल तर मात्र आशा संपली.

बाहेरचं शेवाळ पोसलं जातं नायट्रेट आणि फॉस्फेटवर. उरलेलं खाद्य, माशांची विष्ठा आणि नळाचं पाणी यांतून ते येतात. तेव्हा खाद्य बेतानं घालावं, शेवाळ हातानं काढावं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडाव्यात. क्षार काढलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवून दर आठवड्याला टाकीतलं सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलावं. मात्र नायट्रेट, फॉस्फेट अगदी शून्यावर आणू नयेत. आतल्या शैवालालाही ते थोडे लागतात.

पाणी २५ अंश सेल्सियसच्या आसपास असावं. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंखा लावला तरी फरक पडतो. पण वाफ होऊन उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी. कुठलाही बदल सावकाश करावा. प्रवाळाला धक्का सोसत नाही.

एक मेला म्हणून दुसरा आणून बसवणं हा उपाय नव्हे. आपल्याकडे २००१ मध्ये दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच मिळालं, ते उगाच नाही. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तापलेल्या पाण्याची झळ त्यांनाही बसते. फरक एवढाच, की टाकीतलं पाणी आपल्या हातात असतं.