बीजाच्या दप्तरातील नक्कलनवीस

सातबाराच्या नकला आम्ही वर्षानुवर्षे उतरल्या. एक अंक चुकला तर पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात, हे आम्हांस ठाऊक आहे. बीजाच्या पेशीतही डीएनए नामक असेच दप्तर असते. त्याची नक्कल करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ साली शोधिले. ते आपली चूक आपणच खोडते. राहिलेल्या चुका व इजा दुसरी विकरे दुरुस्त करितात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६२२२ हा उत्तम गहू घ्या. तोही दमट कोठीत जुना झाला की, त्याच्या डीएनएस इजा होते. ओल मिळताच बीज प्रथम ती दुरुस्त करू लागते. इजा फार असल्यास उगवण उशिरा व विरळ होते.

सबब बियाणे कोरडे राखावे आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून पाहावे, ही वाचकांस आमची विनंती.