जमिनीचा जमाखर्च

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकार किती व पीक कोणतें हें सर्व लिहिलेलें असतें. परंतु त्या जमिनीच्या पोटांत काय शिल्लक आहे, हें त्यांत नसतें. तो हिशेब ज्याचा त्यानेंच ठेवावा लागतो. तो न ठेवल्यामुळें पुष्कळ शेतकरी बंधूंचा खतावरील पैसा व्यर्थ जातो, असें आमचें मत आहे.

पिकास नत्र, स्फुरद व पालाश हीं तीन द्रव्यें मुख्यत्वेंकरून लागतात. यांपैकीं जें गरजेच्या मानानें सर्वांत कमी पडतें, त्याच्या बेतानेंच पीक येतें. बाकीचीं दोन कितीही घातलीं तरी ती उणीव भरून निघत नाहीं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं एकोणिसाव्या शतकांत हा नियम लोकांपुढें मांडला.

असें असतां आपल्याकडे युरियाच तेवढा सढळ हातानें पडतो. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाश देणाऱ्या खतांवरील सरकारी सवलत त्यांतील द्रव्यांच्या प्रमाणांत ठरूं लागली. युरिया मात्र त्या व्यवस्थेबाहेर राहिला. त्यामुळें तो इतरांहून स्वस्त पडतो, आणि पान हिरवेंगार दिसलें कीं मनास समाधान वाटतें. परंतु फाजील नत्रानें पीक माजतें, लोळतें व किडीस लवकर बळी पडतें.

तुरीचें उदाहरण घ्यावें. तिला हेक्टरीं २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद द्यावें, अशी शिफारस आहे. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें. कोणीं ४५ किलोंचीं दोन पोतीं टाकलीं, तर नत्र ४१ किलो पडलें आणि स्फुरद शून्य! तुरीच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र घेतात, हें वेगळेंच. उलट डीएपीचीं ५० किलोंचीं दोन पोतीं व १५ किलो युरिया पेरणीचे वेळीं दिल्यास नत्र सुमारें २५ व स्फुरद ४६ किलो मिळतें.

तथापि शिफारस सरसकट असते. आपल्या शेताची खरी स्थिति माती तपासल्यानेंच कळते. पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वीं, शेतांत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डे घ्यावे व त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरडावी. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळावी. सर्व माती मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, व अर्धा किलो उरेपर्यंत असेंच करीत जावें. ती सावलींत वाळवून गट नंबराच्या चिठ्ठीसह प्रयोगशाळेंत द्यावी.

सन २०१५ मध्यें सुरू झालेल्या योजनेच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर गंधक, जस्त व सेंद्रिय कर्ब यांसह १२ बाबींचा निकाल असतो. कर्ब कमी असल्यास शेणखतावांचून गत्यंतर नाहीं. खताच्या दुकानीं जातांना ही पत्रिका बरोबर न्यावी, व जमिनीस जें उणें तेंच विकत घ्यावें.