धारवाडचे बिऱ्हाड
सह्याद्रीचा पाऊस ओसरून दख्खनचे कोरडे पठार जेथे सुरू होते, तेथे वसलेले आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यात मोडणारे धारवाड मराठी कुटुंबांना फारसे परमुलखातले वाटले नाही. मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी येथे इंग्रजी शिकवीत आपली कथासृष्टी उभारली, ती या गावाच्या निवांतपणाचेच देणे होय, असे मला मनापासून वाटते. पुण्या-मुंबईहून बेताचे घरभाडे आणि सुमारे वीस किलोमीटरवर हुबळीची बाजारपेठ, यांमुळे परदेशातून परतणाऱ्यासही हे गाव सोयीचे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकास घराचे खरेदीखत करता येते, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. परंतु कचेरीचा व मंडईचा व्यवहार कन्नडात चालतो, तेव्हा नव्या बिऱ्हाडकरूने ती भाषा आदराने शिकावी. येथल्याच मराठी घरात वाढलेले द. रा. बेंद्रे तर कन्नडचे वरकवी ठरले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झाले.