एकदा की अकरा?

मायबहिणींनो, औषधाच्या बाटलीवरचा एक साधा शब्द घात कसा करू शकतो, ते पाहा.

न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागात स्पॅनिश बोलणारी कष्टकरी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. अनेक आयांना इंग्रजी येत नाही. बाळाचे औषध किती वेळा द्यायचे, ते लेबलावरच्या स्पॅनिशवरूनच त्यांना कळणार.

इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. ओ, एन, सी, ई ही त्याची अक्षरे. नेमकी हीच अक्षरे स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ अशी वाचतात आणि त्यांचा अर्थ होतो अकरा! बाकीचे लेबल स्पॅनिशमध्ये आले आणि हा एकच शब्द इंग्रजीत राहून गेला, तर ‘दिवसातून एकदा’चे ‘दिवसातून अकरा वेळा’ होते.

ही भीती पोकळ नाही. ब्राँक्समधल्या औषध दुकानांची पाहणी २०१० साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या मासिकात छापून आली. स्पॅनिश लेबले देणारी बहुतेक दुकाने संगणकाकडून भाषांतर करून घेत होती. तपासलेल्या ७६ लेबलांपैकी निम्म्यांत चुका निघाल्या. कित्येक लेबले तर अर्धी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश होती.

मग बरोबर शब्द कोणता? ‘उना वेस’. उना म्हणजे एक, वेस म्हणजे वेळ किंवा खेप. पण तेवढ्याने भागत नाही. ‘वन्स मोअर’ म्हणजे ‘ओत्रा वेस’, दुसरी खेप. अधूनमधून या अर्थाच्या ‘वन्स इन अ व्हाइल’ला ‘दे वेस एन क्वांदो’. गोष्टीच्या सुरुवातीचे ‘कोणे एके काळी’ म्हणजे ‘एरासे उना वेस’. आणि ‘अ‍ॅट वन्स’, म्हणजे ताबडतोब, याला ‘एन्सेगीदा’. इथे ‘वेस’ पार नाहीसा झाला! आपणही ‘एकदाचा पाऊस आला’ म्हणतो, तेव्हा पाऊस थोडाच मोजतो? शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ पोचवावा लागतो.

न्यूयॉर्क राज्याने २०१२ साली कायदा करून मोठ्या साखळी औषध दुकानांना मोफत भाषांतर देणे सक्तीचे केले.

आपल्या घरातही औषधाचे लेबल बहुधा इंग्रजीतच असते. म्हणून दुकानदाराला विचारायला लाजू नका. तो सांगेल ते आपल्या बोलीत त्यालाच उलट सांगून दाखवा. तो ‘बरोबर’ म्हणाला, की मगच बाटली पिशवीत टाका.